माळावरचा वारा आणि आपली सही

(शेतकी विभाग : ऊस विकास अधिकारी यांजकडून)



गेल्या महिन्यात एका गटात आम्ही आडसाली लावणीची सभा लावली होती. बेणे कोणत्या मळ्यातले घ्यावे, सरी किती फुटांची सोडावी, कांडीला बेणेप्रक्रिया कशी करावी, असे नेहमीचे विषय होते. देवळाच्या भिंतीला तक्ता टांगला, आमच्या शेतकी मदतनिसाने पिंपात औषध कालवून ठेवले, आणि पहिल्या दहा मिनिटांतच सभा आमच्या हातून गेली. मागून आवाज आला, "साहेब, ऊस आम्हांस्नी लावता येतोय. पवनचक्कीवालं येऊन गेल्यात, त्येंचं काय करायचं ते आधी सांगा."

पुढचे दोन तास बेण्याचा विषय निघाला नाही. एक बाजू म्हणाली, माळावर कुसळाशिवाय काही येत नाही, आयते भाडे मिळत असेल तर का सोडा? दुसरी बाजू म्हणाली, पंखे आले की पाऊस गेला, आणि पाऊस गेला की खालचा ऊसही गेला. कोणी म्हणाले, अमक्याने गुपचूप सहीसुद्धा करून टाकली. अमका तिथेच बसलेला होता. एका विहिरीवर पाळीने पाणी घेणारे दोन चुलतभाऊ शेवटी एकमेकांकडे पाठ करून उठले. पिंपातले औषध तसेच राहिले.

आम्ही शेतकी पदविकेवाले. हुमणी, खोडकीड, तांबेरा यांबद्दल विचारले तर सांगू. वारा आणि वीज हा आमचा प्रांत नव्हे. पण त्या दिवसापासून सभासद कागद घेऊन गट ऑफिसात येऊ लागले. "साहेब, येवढं वाचून दाखवा, बारीक अक्षर हाय." वाचून दाखवता दाखवता आमच्या लक्षात आले, की गावात भांडण एका गोष्टीवर चालले आहे आणि कागदावर लिहिलेली गोष्ट वेगळीच आहे. म्हणून आम्ही चार ठिकाणी चौकशी केली, सात-आठ सभासदांना जीपमधून साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर नेऊन आणले, आणि जे मत बनले ते या पानावर मांडत आहोत. हे आम्हा शेतकी विभागाचे मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम पावसाचे. पवनचक्क्या ढग पळवतात ही समजूत आजची नाही. २००३ च्या दुष्काळात सांगली-साताऱ्याकडे ती जोरात पसरली होती. दुष्काळात माणूस कारण शोधतो, आणि डोंगरावर नवे दिसणारे, गरगर फिरणारे एवढेच असते. त्यात लोकांना हसण्यासारखे काही नाही. पण जरा हिशेब मांडून पाहावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. हा फरक पंख्यांनी केलेला नाही, सह्याद्रीने केलेला आहे. समुद्राकडून आलेला ढग घाट चढताना रिकामा होतो, आणि पलीकडे उतरताना हवा तापून कोरडी होते. आपले निम्मे कार्यक्षेत्र त्या कोरड्या बाजूला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपल्या घरातली वडीलधारी मंडळी अजून सांगतात. सुकडी, खडी फोडण्याची कामे, गुरे सोडून दिलेली. त्या साली महाराष्ट्राच्या डोंगरावर वीज करणारी एकही पवनचक्की नव्हती. साताऱ्याच्या पठारावर त्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या त्या १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून.

चाळकेवाडीला आम्ही गेलो तेव्हा धुके आणि पाऊस यांत चक्की दिसेना, नुसता पात्याचा सपसप आवाज ऐकू येत होता. ढग चक्क्यांच्या अंगावरून चालले होते आणि पाऊस धो धो पडत होता. आमच्यासोबतचे एक आबा, पाऊसवाल्या बाजूचे कट्टर, छत्री उलटी झाली तशी म्हणाले, "हितं तर पळवत न्हाई की हो!" एका दिवसाचा पाऊस हा काही पुरावा नव्हे, तरी जीपमधले निम्मे भांडण तिथेच मिटले.

चक्कीचा हवेवर काहीच परिणाम नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत टेक्सासच्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यात उपग्रहाच्या नोंदींवरून २०१२ साली दिसून आले, की रात्री जमिनीचा पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा किंचित, म्हणजे एक अंशाच्या आतच, जास्त उबदार राहतो. पाती वरची हवा खाली आणि खालची वर घुसळतात, ताकासारखी. आणि आपल्याच चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केलेले काम २०१८ साली प्रसिद्ध झाले आहे. चक्क्या असलेल्या भागात घारी-ससाण्यांसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी, आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे जास्त, असे त्यांना आढळले. तो अभ्यास सरड्यांचा होता. पण ज्यांच्या उसाला उंदीर लागतो त्यांनी घार कमी झाल्याची गोष्ट ऐकून न ऐकल्यासारखी करू नये. उंदराचा बंदोबस्त घार फुकट करते. आम्ही सांगतो ती गोळी फुकट येत नाही.

असो. पावसाचा वाद इतका वेळ चालतो याचे आम्हांला वाईट वाटते ते यासाठी, की त्या आवाजात खरा प्रश्न कोणाला ऐकू जात नाही. त्या सभेत तो प्रश्न एकाच व्यक्तीने विचारला. खांबापाशी बसलेल्या एक काकू, स्वतःच्या नावावर शेअर असलेल्या सभासद. सगळे बोलून दमल्यावर त्या म्हणाल्या, "पंखा माळावर, पैसा माळवाल्याला. खांब आन्‌ तारा आमच्या उसातनं. मग आमच्या वाट्याला काय?"

सभेत एकदम शांतता झाली. उत्तर कोणाकडे नव्हते. आमच्याकडेही नव्हते, आणि आमच्याकडे ते नसण्याला एक जुने कारण आहे ते सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या गटात काम करत होतो. गावाचे नाव लिहीत नाही. त्या गावच्या वर चक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांची लाईन उपकेंद्राकडे न्यायला खाली बागायतीतून खांब रोवले. खांब रोवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस आमच्याकडे आला होता, उसाच्या फडांची माहिती विचारायला. "खांब बांधावर घ्या, सरीत घालू नका, आणि तारा उंच ठेवा, उसाची भरलेली ट्रॉली खालून जाते," असे आम्ही त्याला सांगितले. तोंडी सांगितले. लेखी दिले नाही, ही आमची चूक. खांब त्यांना सोयीचे पडले तसे रोवले गेले. पुढे एका मार्च महिन्यात, दुपारी, वारे सुटलेले असताना दोन तारा एकमेकींना घासल्या आणि ठिणगी पडली. खाली खोडव्याचा फड, तोडणी चार दिवसांवर आलेली. पाचट जाळू नका असे आम्हीच घरोघर सांगत होतो, त्या सभासदाने ऐकले होते, सरीत पाचट तसेच होते. आम्ही मोटारसायकलवर पोहोचेपर्यंत सव्वादोन एकर काळा झाला होता.

पंचनामा करायला तलाठी आले. वीज मंडळाचा वायरमन आला आणि म्हणाला, ही लाईन आमची नाही. चक्कीवरच्या पहारेकऱ्याने सांगितले, आमचे ऑफिस पुण्याला आहे. पुण्याला फोन केला तर ते म्हणाले, लाईनची देखभाल ठेकेदाराकडे आहे. ठेकेदाराचा नंबर बंद. जळका ऊस थांबत नाही, वजन उतरते, उतारा जातो. म्हणून टोळी फिरवून दोन दिवसांत तो ऊस आणला आणि नियमाप्रमाणे जळिताची कपात लावून घेतला. त्या कपातीच्या कागदावर सही आमची होती. ज्याने पाचट राखले, ज्याची जमीन माळावर एक गुंठाही नव्हती, त्याचे नुकसान त्याच्याच माथी बसले. आजही तो भेटला की रामराम करतो. चिडला असता तर बरे वाटले असते.

म्हणून काकूंच्या प्रश्नाला आम्ही आता उत्तर शोधले आहे ते असे. मोठ्या वीजवाहिन्यांच्या बाबतीत केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. मनोऱ्याच्या पायाखाली जाणाऱ्या जमिनीला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. ऐकायला गोड आहे. पण या सूचना ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहेत. चक्कीपासून उपकेंद्रापर्यंत आपल्या उसातून जाते ती लाईन बहुधा ३३ केव्हीची असते, आणि ती त्यांत बसत नाही. म्हणजे खालच्या शेतकऱ्याला जे मिळायचे ते ठरवून घेतले तरच मिळणार. खांब रोवून झाल्यावर ठरवायला कोणी येत नाही. खांब बांधावर, तारेची उंची किती, देखभाल कोणाची, आग लागल्यास भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार, जळिताची कपात कोण भरणार, हे सगळे पहिला खड्डा खणण्यापूर्वी लेखी झाले पाहिजे. आणि ते माळवाल्याच्या करारातच आले पाहिजे. कारण त्या क्षणी सही माळवाल्याची हवी असते, खालच्याची नाही. माळवाल्याने "आधी खालच्यांचे ठरवा, मग माझी सही" एवढे म्हटले तरच खालच्याला किंमत आहे.

आता माळवाल्याच्या कागदाकडे वळू. आमच्याकडे आलेल्या कागदांत तीन जाती आहेत.

पहिली सरळ खरेदीखताची. जिराईत माळ, चालू भावापेक्षा दोन पैसे जास्त, रोख. मोह पडतो हे आम्ही जाणतो. मुलीचे लग्न असते, सोसायटीचे थकलेले असते. पण माळाची किंमत मातीवर ठरवली जाते आणि विकला जातो तो वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते, हे पदविकेच्या अभ्यासात पाणचक्की-पवनचक्कीच्या धड्यात आम्हीही घोकले होते. कुसळाशिवाय काही न पिकणारी टेकडीची धार ही वाऱ्याच्या दृष्टीने काळी कसदार जमीन असते. तिचा भाव मुरमाड म्हणून लावून घेऊ नये. शिवाय साताऱ्याच्या पठारावर पहिल्या फेरीत बसवलेल्या साडेतीनशे किलोवॅटच्या लहान चक्क्या आता जुन्या झाल्या. जुनी काढून त्याच जागी मोठी बसवावी यासाठी केंद्राचे धोरण २०१६ साली आले आणि २०२३ साली ते सुधारले गेले. ज्याने जागा भाड्याने दिली त्याला अशा वेळी पुन्हा बोलायला तोंड उरते. ज्याने विकली तो लांबून बघतो.

दुसरी जात भाडेपट्ट्याची, बहुधा २९ वर्षे ११ महिन्यांची. ही त्यातल्या त्यात बरी, पण भाडे वर्षाला इतके म्हणून एकदा लिहिले आणि वाढीचा शब्द नाही, असे दोन कागद आम्ही पाहिले. उसाच्या भाषेत सांगतो. २००९-१० साली एफआरपी साडेनऊ टक्के उताऱ्याला टनाला १,२९८ रुपये ४० पैसे होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती सव्वादहा टक्के उताऱ्याला ३,५५० रुपये ठरली. पायाभूत उतारा मधे वाढवला, खर्च किती वाढला, ही आपली जुनी तक्रार बाजूला ठेवा. पण २००९ साली कोणी आपल्याला म्हणाले असते, की याच भावाने २०३९ पर्यंत ऊस घालायची सही करा, तर आपण त्याला गावाबाहेर पोहोचवले असते. मग वाऱ्याच्या बाबतीत तीच सही कशी करता?

भाडे कशावर मागावे? आमच्या मते युनिटवर. समजा दोन मेगावॅटची एक चक्की आहे आणि वर्षभरात ती सरासरी २५ टक्के चालली. तर वर्षाला ४३,८०,००० युनिट वीज होते. युनिटमागे फक्त पाच पैसे म्हटले तरी २,१९,००० रुपये झाले. आकडा किती मिळेल हे बोलणीवर आहे, पण कशावर मोजायचे हे आपण ठरवावे. आपण ऊस सरीवर विकत नाही, वजनकाट्यावर विकतो. काटा कोणाचा हा प्रश्न तिथेही येईल; मीटरच्या नोंदीची प्रत दरमहा मिळावी असे कलम घालून घ्यावे. काट्यावर लक्ष कसे ठेवायचे हे आपल्या सभासदांना शिकवायला नको.

तिसरी जात सर्वांत वाईट. तिला संमतीपत्र म्हणतात, नाहीतर कुलमुखत्यारपत्र. हातावर पाच-दहा हजार ठेवतात आणि जमीन चार-पाच वर्षे अडकते. चक्की येवो न येवो, दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही, आणि मुखत्यारपत्र असेल तर आपल्या वतीने सही कोण कुठे करील हे आपल्याला कळणारही नाही. असल्या कागदावर आमच्या सांगण्यावरून एकानेही सही करू नये.

भाडेपट्टा केलाच तर नोंदणीकृत करावा. एक वर्षाच्या वरचा पट्टा नोंदणीशिवाय चालत नाही. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असेल तर सोसायटीला आधी विचारावे. बहिणींची नावे लागलेली असतील तर त्यांना बोलवावे. "ती काय सही करंल की", असे म्हणून पुढे गेलेले दोन व्यवहार आज कोर्टात आहेत. पट्टा संपल्यावर चक्की कोण उतरवणार, आणि पायातले शेकडो घनमीटर काँक्रीट कोण काढणार, हेही लिहून घ्यावे. उसाची खोडकी काढायला आपण नांगर घालतो. त्या खोडकीला आपला नांगर चालणार नाही.

घरापासूनचे अंतर हा एक स्वतंत्र मुद्दा आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नसावी. रस्ता आणि मोठी वीजवाहिनी यांपासून चक्कीच्या मध्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा भाग, अधिक ५ मीटर एवढे अंतर हवे. मध्य १२० मीटरवर आणि व्यास १३० मीटर असेल तर ते अंतर १९० मीटर झाले. टेप लावून मोजता येते. वस्तीवर राहणाऱ्यांनी मोजावे. चाळकेवाडीला चहाच्या टपरीवर आम्ही तासभर बसलो, तेवढ्यात त्या आवाजाची सवय झाल्यासारखी वाटली. पण रात्री कानाशी तोच आवाज घेऊन झोपणाऱ्याला काय वाटते, हे तासभर बसणाऱ्याने सांगू नये.

आणखी एक शब्द आम्हांला खटकतो : पडीक. नकाशावर माळ पडीक दिसतो. पण दिवाळीनंतर मेंढरे कुठे बसतात? आपल्या रिकाम्या रानात खताला बसवायची मेंढरे वर्षाचे बाकीचे दिवस कुठे चरतात? गायरानावर आणि वहिवाटीच्या चराईवर चक्की द्यायची तर ज्यांची नावे कोणत्याच उताऱ्यावर नाहीत त्यांनाही ग्रामसभेत बोलावले पाहिजे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात वनजमिनीवर चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा ती जमीन कसणाऱ्या आदिवासींना वर्षानुवर्षे झगडावे लागले. कागदावर नाव नाही म्हणजे माणूस नाही, असे होत नाही.

हे सगळे उघड्यावर का व्हावे, याचे सर्वांत कडू कारण बीड जिल्ह्याने दाखवले. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणाशी ती जोडलेली आहे, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले. न्याय न्यायालय करील. आम्ही एवढेच म्हणतो, की गावात मोठा पैसा येणार असतो आणि तो कोणाला किती हे गावाला माहीत नसते, तेव्हा मधल्या मधे हात घालणारे तयार होतात. किती भाडे, कोणाला, कोणत्या तारखेला, हे चावडीवर लावले तर दलालाला विकायला गुपितच उरत नाही.

इथे कोणी विचारील, मग तुम्ही पवनचक्कीच्या बाजूचे की विरोधातले? आम्ही बाजूचे आहोत. कार्यक्षेत्राचा विचार केला तर वाऱ्याची आणि उसाची जोडी चांगली जमते. ज्या कारखान्यांना सहवीज प्रकल्प आहे त्यांची वीज बगॅसवर, म्हणजे गळीत हंगामात, थंडी आणि उन्हाळ्याच्या तोंडाला होते. आपल्याकडचा वारा जोर धरतो तो मे ते सप्टेंबर, बॉयलर थंड असतात तेव्हा. निसर्गाने पाळी नीट लावून दिली आहे, विहिरीवर लावतात तशी. पण एकट्याने सही करण्याच्या आम्ही पूर्ण विरोधात आहोत.

ऊस एकट्याने विकण्याचे दिवस आपल्या आजोबांनी पाहिले. गूळ अडत्याकडे न्यायचा, भाव त्याने सांगायचा. १९४८ साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, प्रवरेचा कारखाना नोंदला गेला आणि १९५० च्या अखेरीस पहिला ऊस गळाला, तो एकट्याच्या बळावर नव्हे. आज वाऱ्याच्या बाबतीत आपण पुन्हा अडत्यासमोर एकएकटे उभे आहोत. पंखेवाल्याला एक टेकडी लागते, सलग. त्या टेकडीवर पंचवीस सातबारे असतात. पंचविसांनी एकत्र बसून एकच मसुदा पुढे ठेवला तर बोलणी बरोबरीची होतात. पंचवीस जणांनी पंचवीस रात्री गुपचूप सह्या केल्या तर शेवटचा सही करणारा आणि पहिला सही करणारा जन्मभर एकमेकांचा भाव विचारत राहतात.

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण तेही शेतकऱ्यांचेच आहे. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८८२ साली पहिली सहकारी दूध डेअरी काढली. त्याच देशात १९८० च्या दशकापासून गावच्या लोकांनी भाग गोळा करून चक्क्या घेतल्या. २००० साली कोपनहेगनजवळ समुद्रात २० चक्क्यांचा ४० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला, त्याची निम्मी मालकी साडेआठ हजारांवर भागधारकांच्या सहकारी संस्थेची. २००९ पासून तर तिथे कायदाच झाला, की नव्या चक्कीचे निदान २० टक्के भाग आसपासच्या रहिवाशांना देऊ करावे. २०२० साली ती पद्धत बदलून शेजाऱ्यांना दरवर्षी मोबदला देण्याची पद्धत आली. शेजारी हा शब्द तिथे कायद्यात आहे. आमच्या त्या काकू डेन्मार्कात असत्या तर सभेत प्रश्न विचारायला त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागले नसते.

आपली संस्था उद्याच चक्की विकत घेईल असे स्वप्न आम्ही दाखवत नाही. मेगावॅटला काही कोटी लागतात, आणि आधीची कर्जे आपल्याला ठाऊक आहेत. पण सहकाराची पहिली पायरी भांडवल नसते. ज्या गावात चक्कीवाले आले आहेत त्या गावच्या माळवाल्यांनी आणि खालच्या उसवाल्यांनी मिळून सात-नऊ जणांची समिती करावी. निम्मे वरचे, निम्मे खालचे, आणि त्यात बायका असाव्यात. मसुदा वकिलाला दाखवण्याचा खर्च सगळ्यांत वाटला तर माणशी चहापाण्याइतका येतो. फडांचा आणि बांधांचा नकाशा, खांब कुठून न्यावेत याचे टिपण, आम्ही गटवार काढून देऊ. या वेळी लेखी देऊ.

त्या दोन चुलतभावांपैकी धाकटे परवा ऑफिसात आले होते. थोरल्याने सही केलेली नाही, नुसती आवई होती, असे त्यांना कळले होते. थोरल्याशी अजून बोललेले मात्र नाहीत. पाण्याची पाळी निरोप्यामार्फत चालू आहे. दोघांनाही समितीत घ्यावे असे आम्ही सरपंचांना सुचवले आहे.

लावणीची राहिलेली सभा येत्या आठवड्यात पुन्हा घेत आहोत, तारीख गट ऑफिसच्या फळ्यावर लावली आहे. औषध नव्याने कालवावे लागेल. ज्यांच्याकडे चक्कीवाल्यांचा कागद आलेला असेल त्यांनी तो सही न करता सोबत आणावा, आणि सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची नक्कल बरोबर ठेवावी. सभेच्या आधी यायचे असल्यास सकाळी दहाच्या आत यावे. दहानंतर आम्ही लावणीच्या रानात असतो.